मूल निजत नाहीं, कीं घर?

तान्ह्या मुलांची झोंप हा विषय ह्या मासिकाच्या पानांत कोठून आला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. काव्य, नाटक आणि समीक्षा सोडून प्राध्यापकानें पाळण्याची दोरी हातीं कां घ्यावी? आमचें उत्तर असें कीं, ज्या घरांत हें मासिक येतें त्याच घरांत रात्रीं दोन वाजतां एखादी तरुण आई मूल खांद्यावर टाकून फेऱ्या घालीत असते, आणि सकाळीं तिलाच दोन बाजूंनीं दोन प्रकारचे उपदेश ऐकावे लागतात. एक पक्ष म्हणतो, ‘तूं त्याला हातावर निजवून लाडावून ठेवलें आहेस, खोलींत ठेव, दार लावून घे, रडून रडून आपोआप निजेल.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘आम्ही पांच पांच मुलें वाढविलीं, पण असला घोर आम्हांला कधीं पडला नाहीं, हल्लींच्या मुलींना सोसतच नाहीं.’ पहिल्याच्या हातीं परदेशी पुस्तक असतें, दुसऱ्याच्या तोंडीं जुनी आठवण असते. दोषी मात्र दोघांच्याही लेखीं आईच ठरते. ह्या निवाड्याविरुद्ध आमची तक्रार आहे. मुलाची झोंप बिघडते ती घराच्या संध्याकाळीं, आणि ती संध्याकाळ बिघडविणारे आपण सर्व, त्यांतही विशेषेंकरून आपण पुरुष, नामानिराळे राहतों, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

प्रथम घड्याळवाद्यांचा समाचार घेऊं. ह्या पंथाचे आद्य आचार्य म्हणजे न्यूयॉर्कचे बालरोगवैद्य ल्यूथर एमेट होल्ट. त्यांचें बालसंगोपनावरील प्रश्नोत्तररूप पुस्तक १८९४ सालीं निघालें, आणि अमेरिकन मध्यमवर्गानें तें एखाद्या स्मृतिग्रंथासारखें शिरोधार्य मानलें. केवळ संवयीनें रडणाऱ्या मुलास रडूं द्यावें, पहिल्या वेळीं तास लागेल, क्वचित् दोन तीन तासही लागतील, पण पुढें तें ताळ्यावर येईल, असा त्यांचा सांगावा होता. त्यांच्या मागून १९२८ त मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आले. त्यांनीं तर आईच्या मायेलाच रोगाच्या यादींत घातलें. मुलाला मांडीवर घेऊं नये, निजतांना फार तर कपाळाचें एक चुंबन घ्यावें आणि सकाळीं हस्तांदोलन करावें, अशी त्यांची आज्ञा! घरांत आई असावी कीं कचेरींतला वरिष्ठ असावा, असा प्रश्न हें वाचतांना कोणासही पडेल.

परंतु प्रतिपक्षाचें जें खरें आहे तें नाकारणें आमच्या पेशास शोभणारें नाहीं. १९८५ सालीं बोस्टनच्या रिचर्ड फर्बर ह्या वैद्यांनीं हाच मार्ग बराच सौम्य करून मांडला. मूल रडत असतां ठराविक अंतरानें त्याच्याजवळ जावें, धीर द्यावा आणि तें अंतर हळू हळू वाढवावें, असा तो मार्ग. तान्ह्या मुलाच्या झोंपेचें एक आवर्तन सुमारें तासाभराचें असतें. तें संपलें कीं मूल अर्धवट जागें होतें, आणि ज्या स्थितींत तें निजलें होतें ती स्थिति त्याला सांपडली नाहीं तर घाबरून पुरतें जागें होतें. खांद्यावर निजलेलें मूल मध्यरात्रीं खांदा शोधतें, तें एवढ्यासाठीं. हें निरीक्षण यथार्थ आहे. अशा सौम्य उपायांनीं मुलांच्या मनाचें कायमचें नुकसान होतें, असेंही सिद्ध झालेलें नाहीं. ऑस्ट्रेलियांत एका प्रयोगांतील मुलें सहा वर्षांचीं झाल्यावर पुन्हां तपासलीं, त्याचा निष्कर्ष २०१२ त प्रसिद्ध झाला, आणि त्यांत अपायही दिसला नाहीं व टिकाऊ लाभही दिसला नाहीं.

मग आमचा आक्षेप कोणता? हाच कीं, ही सारी विद्या दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासाची आहे. त्यापूर्वींच्या चार तासांविषयीं आपल्याकडील तिचे अनुयायी चकार शब्द काढीत नाहींत. नवजात अर्भकाला रात्र आणि दिवस ह्यांचा भेद मुळीं ठाऊकच नसतो. तो भेद त्याच्या शरीरांत दुसऱ्या तिसऱ्या महिन्यापासून हळू हळू उमटूं लागतो, आणि तो उमटविणारा मुख्य शिक्षक म्हणजे उजेड. दिवसा प्रकाश आणि रात्रीं अंधार हा धडा रोज त्याच क्रमानें मिळाला, तर शरीर अंधार पडतांच मेलॅटोनिन नांवाचा स्राव सोडूं लागतें आणि झोंपेची तयारी होते. २०१८ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो येथें तीन ते पांच वर्षांच्या दहा मुलांवर एक प्रयोग झाला. निजण्यापूर्वीं तासभर त्यांना प्रखर उजेडांत खेळविलें, तेव्हां हा स्राव सुमारें ८८ टक्क्यांनीं घटला, आणि दिवा काढल्यावर पाऊण तास उलटला तरी तो पूर्ववत् झाला नव्हता. मुलें थोडीं होतीं हें खरें. परंतु साडेदहा वाजेपर्यंत लखलखीत दिव्यांखालीं ठेवलेल्या मुलानें पावणेअकराला गुणी बाळासारखें निजावें, अशी अपेक्षा करणाऱ्यांनीं ह्या आंकड्याचा विचार करावा. एवढें करून तें निजलें नाहीं कीं दार लावून त्याला रडवावयाचें! अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

येथें एक कडू प्रश्न विचारणें प्राप्त आहे. आपल्याला मुलाची झोंप हवी असते, कीं केवळ त्याचा आवाज बंद व्हावयास हवा असतो? ह्या दोन मागण्या वरकरणीं सारख्या दिसल्या तरी त्यांच्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि दुसऱ्या मागणीचा इतिहास भयंकर आहे. अमेरिकेंत १८४९ पासून ‘मिसेस विन्स्लो’ ह्यांच्या नांवानें मुलांना शांत करणारें एक सरबत घरोघर खपत होतें. त्यांत मॉर्फीन होतें, आणि १९११ त तेथील वैद्यकसंघाला त्याची गणना बालघातक औषधांत करावी लागली. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया कामावर जातांना तान्ह्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. त्या माउल्यांना आम्ही दोष देत नाहीं. गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठीं थांबत नव्हता. पण ज्यांना असा कोणताही भोंगा नाहीं, अशा सुशिक्षित घरांत प्रवासाला निघतांना मूल गुंगावें म्हणून सर्दीचें औषध पाजलें जातें, ह्याला काय म्हणावें? अशाच एका नित्याच्या मिश्रणावर, म्हणजे क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन ह्यांच्या औषधावर, ‘चार वर्षांखालील मुलांस देऊं नये’ असा इशारा छापण्यास भारताच्या औषधनियंत्रकांनीं २०२३ च्या डिसेंबरांत सांगितलें. आणि जेवतांना, रडतांना, निजतांना मुलाच्या हातीं दिला जाणारा मोबाइल? त्यानें मूल गप्प बसतें ह्यांत शंका नाहीं. बाळगोळीनेंही तें गप्प बसतच होतें.

आतां दुसऱ्या, म्हणजे पूर्वस्मृतींत रमणाऱ्या पक्षाकडे वळूं. ‘आमच्या वेळीं मुलें आपोआप निजत’ असें हे लोक म्हणतात. आम्ही म्हणतों, तें कांहीं अंशीं खरें आहे. परंतु त्याचें कारण त्यांनीं कधीं शोधलें नाहीं. त्या घरांत दिवेलागण झाली कीं शुभंकरोति होई, परवचा होई, मऊ भाताचे चार घांस पोटांत जात, आणि आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकतां ऐकतां डोळे जड होत. कंदिलाचा उजेड इतका मंद असे कीं, मोठ्या माणसांनाही नवानंतर जांभया येत. मूल सांभाळावयाला एका आईऐवजीं आजी, काकू, आत्या असे सहा आठ हात असत. म्हणजे मूल ‘आपोआप’ निजत नव्हतें. त्याला सगळें घर मिळून निजवीत होतें. आज त्याच आजीच्या डोळ्यांपुढें रात्रीं नऊपासून मालिका सुरू होतात, आजोबांना बातम्यांतील आरडाओरडा मोठ्यानें ऐकावयाचा असतो, आणि मधल्या खोलींत पाळणा! जुन्या घराचा अंधार टाकून दिला, जुन्या घराचे हात गेले, आणि जुन्या घराचा अभिमान तेवढा शिल्लक राहिला.

ह्या पक्षाला आणखीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुनें तें सर्वच सोनें नव्हे. आईनें मुलाला जवळ ठेवावें हें उत्तम; अमेरिकेंतील बालरोगवैद्यांची संस्थाही पहिले निदान सहा महिने मुलाला आईबापांच्याच खोलींत निजवावें असें २०२२ त सांगते. परंतु त्याच खोलींत त्याचें अंथरूण वेगळें, सपाट व घट्ट असावें, त्यावर उशा आणि गोधड्यांचा ढीग नसावा, आणि मुलाला नेहमीं उताणें निजवावें, हेंही ती तितक्याच निक्षून सांगते. १९९४ त त्या देशांत उताणें निजविण्याची मोहीम निघाली, आणि झोंपेंत अकस्मात् दगावणाऱ्या तान्ह्यांचें प्रमाण कांहीं वर्षांतच सुमारें निम्म्यावर आलें. ‘आम्ही पालथेंच निजवीत होतों, कांहीं झालें नाहीं’ असें म्हणणाऱ्या आजीबाईंनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या घरांत झालें त्या घरांतील माणसें त्याच्या गोष्टी सांगत बसत नाहींत.

येथवर आम्ही दुसऱ्यांचे दोष काढले. आतां स्वतःचा सांगतों. आमची कन्या वर्षाची असतां आम्ही दोन खोल्यांत राहत होतों. संध्याकाळीं कोठें तरी व्याख्यान, मग स्नेह्यांबरोबर गप्पा, असें करून आम्ही साडेनऊ दहाला घरीं परतत असूं. पोर नुकतीच पेंगूं लागलेली असे. दिवसभर तिला पाहिली नाहीं म्हणून आम्ही तिला उचलून घ्यावें, उंच उडवावें, खदखदां हंसवावें, आणि ती पुरती जागी झाली कीं तिला आईच्या स्वाधीन करून त्याच खोलींत दिवा लावून उत्तरपत्रिका तपासावयास बसावें, असा आमचा नित्यक्रम होता. पुढें ‘मुलगी रात्रीं निजत नाहीं’ म्हणून तिला एका वृद्ध डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं मुलीला तपासलें, तिच्या आईला दोन प्रश्न विचारले, आणि मग आमच्याकडे वळून एवढेंच म्हणाले, ‘प्रोफेसर, आपण घरीं किती वाजतां येतां?’ त्या प्रश्नानें त्या वेळीं आम्हांस राग आला होता. तो राग जाऊन लाज वाटावयास बरीच वर्षें लागलीं.

हा रोग आमच्याच घरचा नव्हता. सतरा देश व प्रदेशांतील तीन वर्षांखालील २९ हजारांहून अधिक मुलांची एक पाहणी २०१० त प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधील मुलें सरासरीनें साडेसातच्या सुमारास निजत, तर हाँगकाँगमधील दहा वाजून गेल्यावर. आणि ज्यांत भारतही होता अशा आशियाई देशांतील मुलें एकंदरीत उशिरां निजत व कमी निजत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ त सांगितलेलें प्रमाण असें: चार ते अकरा महिन्यांच्या मुलास दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास, एक दोन वर्षांच्या मुलास ११ ते १४, आणि तीन चार वर्षांच्या मुलास १० ते १३ तास झोंप हवी. ज्या मुलाला सकाळीं सातला उठवून पाळणाघरांत पोंचवावयाचें तें रात्रीं अकराला निजलें, तर हिशेब कसा जुळावा? दुपारच्या झोंपेनें ही तूट पुरी भरून निघत नाहीं, आणि झोंपेला मुकलेलें मूल मंद न होतां उलट चेकाळतें. मग आपण म्हणतों, ‘ह्याला झोंपच येत नाहीं!’

उपाय अवघड नाहींत, परंतु ते मुलानें करावयाचे नसून घरानें करावयाचे आहेत. पहिल्या सहा महिन्यांत शिस्तीची भाषाच नको. रात्रीं भूक लागून उठणें हा त्या वयाचा हक्क आहे, आणि त्या वेळीं दिवा मंद ठेवून, न बोलतां, न खेळवितां पाजावें, इतकेंच. पुढें सकाळीं उठण्याची वेळ एकच ठेवावी आणि मुलाला दिवसा उजेडांत न्यावें. संध्याकाळीं निजण्यापूर्वीं तासभर दूरदर्शन बंद, मोबाइल दुसऱ्या खोलींत, आणि दिवे मंद. मग कोमट पाण्याची अंघोळ, अंगाला हलक्या हातानें तेल, एक गोष्ट, एक अंगाई, रोज त्याच क्रमानें. आणि मूल पेंगत असतां पण पुरतें निजण्यापूर्वीं त्याला अंथरुणावर ठेवणें. हें आजीचें शास्त्र म्हणून कोणी हंसूं नये. ४०५ मातांचा व मुलांचा एक प्रयोग २००९ त प्रसिद्ध झाला. त्यांत अंघोळ, तेल चोळणें आणि शांत वेळ ह्यांचा असाच क्रम ठेवल्यावर मुलें लवकर निजूं लागलीं, रात्रींचें उठणें कमी झालें, आणि मातांचें मनही अधिक प्रसन्न राहिलें.

ह्यावर आक्षेप येईल कीं, शहरांतील बाप लोकलच्या गर्दींतून नऊला घरीं येतो. त्यानें मुलाचें तोंड पाहूंच नये काय? अवश्य पाहावें, पण सकाळीं पाहावें. मूल पहांटे सहाला टवटवीत उठतें, तेव्हां बापानें त्याला अंगाखांद्यावर खेळवावें आणि रात्रभर उठलेल्या आईला तासभर निजूं द्यावें. जेव्हां लवकर येणें शक्य असेल, तेव्हां गोष्ट सांगण्याचें काम त्यानें आपल्याकडे घ्यावें. दुसरा आक्षेप जागेचा. एका खोलींत बिऱ्हाड असतां अंधार कसा करावा? अडचण खरी आहे, आणि तेथें सर्व साधणार नाहीं हें आम्हांस मान्य आहे. परंतु तासभर आवाज बंद ठेवावयास दुसरी खोली लागत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं तीन तीन खोल्या आहेत त्यांनीं चाळींतल्या बिऱ्हाडाची अडचण आपल्या बाजूनें पुढें करूं नये.

तेव्हां पुढच्या खेपेस कोणी गृहस्थ आमच्यापाशीं ‘आमचें मूल रात्रीं निजत नाहीं हो’ अशी तक्रार घेऊन आले, तर त्या वृद्ध डॉक्टरांचाच प्रश्न आम्ही त्यांना विचारणार आहों. त्यांना राग येईल, हेंही आम्हांस ठाऊक आहे.