गाणे थांबविणारे यंत्र

इच्छापोरहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपास, कारखान्यांच्या आश्रयाने स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत भाद्रपद जवळ आला की मुलांची नृत्ये बसू लागतात, एखादी एकांकिकाही उभी राहते. कर्णे आणि मिक्सर लाऊडस्पीकरवाला भाड्याने देतो. पण गाणी वाजवावयाची कशावर? वर्गणीतून मंडळाने एखादे यंत्र विकत घ्यावयाचे ठरविले, तर ते कोणते घ्यावे?

‘खिशात मोबाईल असताना यंत्र कशाला?’ असे विचारणारे सभासद प्रत्येक मंडळात असतात. एका मांडवात आम्ही जे पाहिले ते त्यांनी ऐकावे. सात-आठ वर्षांच्या मुली गौळणीसाठी फेर धरून उभ्या होत्या आणि कडवे रंगात आले असतानाच कर्ण्यांतून कोणाच्या तरी फोनची घंटा वाजू लागली. मुली जागच्या जागी थिजल्या. एक तर रडूच लागली. दोन महिन्यांची तालीम वाया गेली आणि बोल लागला तो यंत्रापाशी बसलेल्या कॉलेजातील मुलाला.

यंत्र किती गोड वाजते, हे दुकानात सारेच विचारतात. आमच्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा : बोट ठेवताच ते सुरू होते काय, आणि गाणे संपताच आपण होऊन थांबते काय? घरगुती यंत्राची शिकवणच उलटी. एक गाणे संपले की दुसरे लावावयाचे, हा त्याचा धर्म. मिक्सरच्या खाचेत पेनड्राइव्ह खोचून काम भागविणाऱ्यांना याचा अनुभव असेल. मुले प्रेक्षकांना नमस्कार करीत असतात आणि पुढच्या गटाचे गाणे सुरू झालेले असते.

जुन्या नाट्यसंस्थांतील माणसे हे जाणून होती. स्पुलाच्या फितीवर दोन तुकड्यांमध्ये ती कोरी पांढरी पट्टी जोडीत. पट्टी दिसली की फीत थांबवावयाची. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली, तेव्हा चतुर मंडळी प्रत्येक गाण्याला स्वतंत्र कॅसेट ठेवू लागली. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’त तर संवादही ध्वनिमुद्रित; नट त्याबरहुकूम अभिनय करतात. तेथे यंत्र अडखळले तर सारा दरबार मुका व्हावयाचा!

आज आम्ही मंडळाला एक साधा, जुना चालेल असा लॅपटॉप सुचवू. त्यावर एकेक गाणे वाजवून थांबणारी प्रणाली घालावी. इंटरनेट बंद ठेवावे आणि गाणी आधीच उतरवून, ०१, ०२ असे क्रमांक देऊन ठेवावीत. जोडणी तारेनेच करावी. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोचतो. मग एकांकिकेत थोबाडीत आधी बसते आणि तिचा आवाज मागाहून येतो. (प्रेक्षक हसतात, पण नको तेथे.) चार्जर लावताच कर्ण्यांतून घूं असा आवाज येऊ लागला तर तो काढून बॅटरीवर काम चालवावे, किंवा मध्ये डी. आय. बॉक्स नावाची लहानशी पेटी जोडावी. ही पेटी विजेच्या घरघरीला वाट अडविते आणि लांब तारेतूनही आवाज स्वच्छ नेते. महागड्या यंत्रापेक्षा आम्ही आधी या पेटीवर पैसे खर्च करू.

मोबाईलला अगदीच हद्दपार करू नये. तीच गाणी त्याच क्रमाने त्यात भरावीत, विमानातील प्रवासासाठी असते ती सोय लावून त्याचे तोंड बंद करावे आणि मिक्सरच्या दुसऱ्या खुंटीला तो जोडून ठेवावा. लॅपटॉप रुसला तर एक दांडी खाली, दुसरी वर.

आणि त्या मुलाला बसावयास जागा द्यावी ती रंगमंच समोर दिसेल अशी. बहुतेक मांडवांत त्याला पडद्यामागे, प्रसादाच्या पातेल्यांशेजारी बसवितात; तेथून त्याला नाचणाऱ्या मुलींचे पायही दिसत नाहीत.