कुंचला, गोळी आणि हुद्दा

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. आर्थर ब्रॉक युद्धाने मनाला धक्का बसलेल्या रुग्णांना स्वस्थ बसू देत नसत. खंदकातून अडखळत बोलत आलेल्या कवी विल्फ्रेड ओवेनला त्यांनी कविता लिहायला लावल्या. 'द हायड्रा' या रुग्णालयाच्या नियतकालिकाचं संपादनही त्याच्याकडे आलं. त्याच युद्धकाळात लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात डॉ. लुईस येलंड यांनी वाचा गेलेल्या एका साध्या शिपायाला खोलीत कोंडलं, बोलल्याशिवाय सुटका नाही असं बजावलं आणि घशाला विजेचे झटके दिले. सुमारे चार तासांनी तो बोलला. येलंड यांनी १९१८च्या आपल्या पुस्तकात हे यश म्हणूनच नोंदवलं आहे.

एकाला कविता, दुसऱ्याला वीज. कारण क्रेगलॉकहार्ट अधिकाऱ्यांसाठी होतं. मात्र हेतू दोन्हीकडे एकच, माणूस पुन्हा कामाला जुंपायचा. ओवेन बरा झाला, आघाडीवर परतला आणि ४ नोव्हेंबर १९१८ला, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, मारला गेला. कागदोपत्री हा उपचारही यशस्वीच म्हणायचा!

दुसऱ्या महायुद्धात सोडियम अमायटलची सुई आली. सैनिकाला गुंगीत बोलतं करायचं, नाहीतर झोपवायचं. आणि याच युद्धात कुंचल्यालाही उपचार म्हणून नाव मिळालं: १९४२च्या सुमारास क्षयातून उठलेले चित्रकार एड्रियन हिल यांनी चित्रोपचाराला त्याचं इंग्रजी नाव दिलं.

व्हिएतनाममधून परतलेल्यांच्या रेट्यामुळे १९८०मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव-विकार, आला. निदानाचे निकष ठरले, मोजमाप शक्य झालं आणि औषधांच्या चाचण्यांचा रस्ता मोकळा झाला. १९९९ला सर्ट्रालिन, मग २००१ला पॅरॉक्सेटिन. या आजारासाठी अमेरिकेत खास मंजुरी मिळालेली औषधं आजवर एवढीच. गोळीने अनेकांची तगमग कमी होते, आणि ते थोडं नाही. ज्याला रात्रभर डोळा लागत नाही, त्याच्या हाती कुंचला देऊन काय होणार?

पण अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या लष्करी उपचार केंद्रात सैनिक कागदी लगद्याचे मुखवटे रंगवतात, तेही पाहावं. अर्धा चेहरा राष्ट्रध्वजाचा, अर्धा कवटीचा. बायकोलाही जे सांगता आलं नाही, ते आधी असं टेबलावर येतं.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आणि माजी सैनिक खात्याच्या २०२३च्या संयुक्त मार्गदर्शिकेने आघाताच्या आठवणींना थेट भिडणाऱ्या संवादोपचारांना औषधांच्या वर ठेवलं, बेंझोडायझेपाइन गटातली शामक औषधं नकोत म्हटलं आणि कलोपचारांपुढे 'पुरावा अपुरा' असा शेरा मारला. तो शेरा म्हणजे नापासाचा निकाल नव्हे. गोळीला तुलनेसाठी साखरेची गोळी देता येते. लुटुपुटूचा मुखवटा कुठून आणणार? शिवाय कुंचल्याचं पेटंट नाही, म्हणून मोठ्या चाचणीचा खर्च उचलायला कोणती कंपनी पुढे येणार? तो खर्च माणसं युद्धावर धाडणाऱ्या सरकारांनी करावा. आणि मोजायचंच तर किती जण कामावर रुजू झाले हे न मोजता, किती जणांना झोप लागते, किती जण पोरांवर खेकसणं थांबवतात, हे मोजावं.