पाणबुडीचा धडा आणि अणुवीज

अणुवीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले करणारा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. सन २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीज हे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. भांडवल कोणाचे, भट्ट्या कोणत्या, अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यावयाची, यांवर पुष्कळ काथ्याकूट झाला आणि तो आवश्यकच होता. परंतु या भट्ट्यांपुढे रात्रपाळीस बसणारी माणसे कोठून येणार आणि त्यांना कोण घडविणार, या प्रश्नाची चर्चा आम्हांस फारशी ऐकू आली नाही. अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर सत्तर वर्षांपूर्वी आपल्या पाणबुड्यांत शोधले होते. ते उत्तर कोठवर खरे ठरले आणि कोठे फसले, हे पाहणे आज उद्बोधक ठरावे.

जगातील पहिली अणुपाणबुडी ‘नॉटिलस’ सप्टेंबर १९५४ मध्ये अमेरिकी नौदलात दाखल झाली आणि १७ जानेवारी १९५५ रोजी अणुशक्तीवर प्रथम समुद्रात निघाली. तिचे जनक अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर. पेनसिल्व्हानियातील शिपिंगपोर्ट येथे १९५७ साली सुरू झालेले अणुवीज केंद्रही याच गृहस्थांच्या देखरेखीखाली उभे राहिले. पाणबुडीची भट्टी आणि वीज केंद्राची भट्टी ही अशी एकाच घरातील भावंडे होत. साहजिकच एकीवर शिकलेला माणूस दुसरीवर चालेल, असे सर्वांनी गृहीत धरले.

रिकोव्हर यांची शिस्त दंतकथेचा विषय झाली आहे. अणुशाखेत येऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घेत आणि पुढील पाय आखूड केलेल्या खुर्चीवर त्याला बसवीत. निवड झालेल्याने सहा महिने वर्गात सिद्धान्त शिकावयाचा आणि पुढील सहा महिने जमिनीवर उभारलेल्या खऱ्या भट्टीवर काम करावयाचे. समुद्रापासून शेकडो मैल दूर, आयडाहोच्या ओसाड माळावर पाणबुडीचे खलाशी तयार होत. नव्या पाणबुडीच्या पहिल्या सागरी चाचणीस रिकोव्हर स्वतः तिच्यात बसून जात. जबाबदारी ही समितीची नसते, ती नाव घेऊन सांगता येईल अशा एका माणसाची असते, हे त्यांच्या शिकवणीचे सार होते. या शाळेतून तयार झालेली माणसे नौदलातील सेवेची वर्षे पुरी करून बाहेर पडली, की वीज कंपन्या त्यांना हातोहात उचलीत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर हेही तरुणपणी याच शाखेतले.

दि. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास थ्री माइल आयलंड येथील दुसऱ्या भट्टीत बिघाड झाला, तेव्हा पाळीवरील चारही नियंत्रक नौदलाच्या अणुशाखेतून आलेले होते. दाब वाढल्यामुळे एक झडप उघडली आणि नंतर मिटलीच नाही. नियंत्रण फलकावरील दिवा मात्र मिटण्याचा आदेश गेल्याचे तेवढे दाखवीत होता. झडप खरोखर मिटली की नाही, हे तो सांगत नव्हता. तिकडे दाबनियंत्रक टाकीतील पाण्याची पातळी वर वर चढत होती. ही टाकी कधीही काठोकाठ भरू द्यावयाची नाही, हा नौदलाच्या प्रशिक्षणातील पक्का नियम. त्या नियमास जागून नियंत्रकांनी आपत्कालीन थंड पाण्याचा पुरवठा कमी केला. प्रत्यक्षात उघड्या झडपेवाटे पाणी निसटून चालले होते आणि इंधनाचा गाभा उघडा पडत होता. दोन तासांहून अधिक काळ हे चालले. पुढे असे आढळले, की जवळजवळ निम्मा गाभा वितळला होता.

ही माणसे गाफील नव्हती वा अडाणीही नव्हती. शिकविले तेच त्यांनी केले. परंतु पाणबुडीची भट्टी लहान असते आणि बंद केल्यावर मागे उरणारी तिची उष्णता बेताची असते. वीज केंद्राच्या प्रचंड भट्टीत ती उष्णताच खरा शत्रू ठरते. एका ठिकाणचा शहाणपणा दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्या पहाटे दिसून आले. अधिक दुःखद गोष्ट ही, की ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात सप्टेंबर १९७७ मध्ये झडप अशीच उघडी राहिली होती. भट्टी बनविणाऱ्या कंपनीतील एका अभियंत्याने लेखी इशाराही दिला होता. तो कागदांतच राहिला. थ्री माइल आयलंडच्या नियंत्रकांपर्यंत पोहोचला नाही. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने यंत्रांपेक्षा माणसे, प्रशिक्षण आणि व्यवस्था यांकडेच बोट दाखविले, ते उगाच नव्हे.

अमेरिकी वीज कंपन्यांनी त्याच वर्षी एकत्र येऊन एक संस्था स्थापन केली. एका केंद्रातील चूक सर्वांना कळावी आणि एकाने दुसऱ्याचे काम तपासावे, हा तिचा हेतू. तिचे पहिले प्रमुख म्हणून निवडले गेले ते ‘नॉटिलस’चे पहिले कप्तान यूजीन विल्किन्सन. नौदलाची शिस्त अशा रीतीने पुन्हा उपयोगी पडली. मात्र या वेळी ती चुका लपविण्याऐवजी वाटून घेण्यास शिकली होती.

हे सारे आम्ही दूरदेशीची कथा म्हणून सांगत नाही. कैगा आमच्या उशाशी आहे आणि कारवारचा नौदल तळ आमच्या शेजारी आहे. कैगाच्या पहिल्या भट्टीने २०१८ साली सलग ९६२ दिवस चालून त्या वेळचा जागतिक विक्रम केला, याचा अभिमान आम्हांसही आहे. परंतु १९९४ साली बांधकाम चालू असतानाच तेथील घुमटाचे काँक्रीट कोसळले होते, आणि २००९ साली कामगारांच्या पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम आढळले होते, हेही विसरून चालणार नाही. तेथे प्रत्येकी ७०० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या मंजूर आहेत.

तेव्हा खासगी कंपन्यांना परवाने देताना सरकारने दोन गोष्टींचा आग्रह धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नियंत्रकांची परीक्षा मालकाने नव्हे, तर स्वतंत्र यंत्रणेने घ्यावी, आणि ती ज्या भट्टीवर त्यांनी काम करावयाचे त्याच जातीच्या भट्टीवर घ्यावी. आणि लहानमोठी प्रत्येक चूक सर्व केंद्रांना तसेच परिसरातील जनतेलाही कळविणे कायद्याने बंधनकारक करावे. व्यापारी गुपित वा राष्ट्रीय सुरक्षा या सबबी येथे चालू देता कामा नयेत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण पुढच्याला ठेच लागली, हे मागच्याला कोणी सांगावयास तर हवे!