जामीन मंजूर, सुटका नामंजूर

‘जामीन मंजूर’ एवढ्यावर वर्तमानपत्रातली बातमी संपते आणि आरोपी घरी गेला असे वाचक धरून चालतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा त्याच बराकीत, त्याच चटईवर असतो. आदेशात ‘पंधरा हजारांचा जातमुचलका व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ अशी एक ओळ असते आणि सुटका त्या ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यावर अडते. न्यायालयाने दिलेला हक्क कारागृहाच्या फाटकाशी असा निकामी होतो, आणि तो झाला याची नोंदही कुणी मागत नाही.

जामीनदाराला शिधापत्रिका, आधार कार्ड, पगाराची पावती किंवा सातबारा लागतो. रक्कम मोठी असेल तर तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला. मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्या मजुराने मुंबई-पुण्यात असा माणूस आणायचा कुठून? मुकादम पोलिसांचे नाव ऐकताच फोन उचलत नाही. गावाकडचा भाऊ रात्रभर एसटीने प्रवास करून सातबारा घेऊन आला, तर पडताळणीसाठी कागद पुन्हा गावच्या पोलीस ठाण्याकडे जातात. तोवर त्याचीही मजुरी बुडते. मग उरतात कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे, आणि त्यांच्यातल्या कुणाची शिधापत्रिका बनावट निघाली की सगळे पहिल्यापासून.

सर्वोच्च न्यायालयाने हे 1978 मध्येच ओळखले होते. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि भावाचा जामीन, तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून, नाकारला गेला होता. न्या. कृष्णा अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका करायला सांगितले. पुढच्याच वर्षी हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतले असे कच्चे कैदी देशापुढे आले, ज्यांनी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून अधिक काळ खटल्याविना काढला होता. जलद सुनावणी हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरला आणि हजारो लोक सुटले.

त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, 31 डिसेंबर 2022 रोजी, देशातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे. सर्व तुरुंगांची मिळून अधिकृत क्षमता 4,36,266. म्हणजे दोषी ठरलेला प्रत्येक कैदी उद्या सोडून दिला, तरी केवळ आरोप असलेल्या माणसांनीच देशातल्या तुरुंगांची एकूण क्षमता जवळजवळ पूर्ण भरलेली राहील. तुरुंग वाढवा, बराकी बांधा, असे सुचवणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

कायद्यात तरतूद नाही म्हणून हे घडते, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी स्पष्ट निर्देश दिले: जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंदीला मिळावी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. सगळी गोम ‘करू शकते’ यात आहे. गरीब माणसाची सुटका कुणाच्या लक्षात येण्यावर ठेवली की ती राहून जाते. सात दिवसांनंतर जातमुचलक्यावर सुटका हाच नियम असावा आणि ती नाकारायची असेल तर न्यायालयाने कारणे लिहावीत.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 हीच कहाणी सांगते. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, इतरांनी निम्मा, की अधीक्षकांनी लगेच न्यायालयाला लेखी अर्ज करायचा आहे. फाशी व जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत. जुन्या खटल्यांनाही हे लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑगस्ट 2024 रोजी सांगितले. पण एकाहून अधिक खटले प्रलंबित असले तर ही वाट बंद. भुरट्या चोरीत एकदा पकडलेल्या माणसावर दुसरी केस लागायला वेळ लागत नाही, म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त तेच या तरतुदीबाहेर राहतात. ही अट अन्यायाची आहे आणि ती काढायला हवी. जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्यांसाठी केंद्राने 2023 मध्ये 40,000 रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली, पण त्यासाठीही नाव जिल्हा समितीपुढे कुणीतरी न्यावे लागते.

पैसा आणि वकील दोन्ही हाताशी असतानाही काय होते, हे मुंबईने ऑक्टोबर 2021 मध्ये पाहिले. एका नामांकित अभिनेत्याच्या मुलाला उच्च न्यायालयाने 28 तारखेला जामीन दिला. 29 तारखेला संध्याकाळी कागद आर्थर रोड कारागृहाबाहेरच्या जामीनपेटीत वेळेत पडला नाही. सुटका झाली 30 तारखेला सकाळी. त्याच्यासाठी देश टीव्हीपुढे बसला होता. पेटी बंद झाल्यावर पोहोचणाऱ्या बाकीच्या कागदांसाठी कुणी बसत नाही. प्रत्येक कारागृहाने दरमहा एकच आकडा जाहीर करावा: जामीन होऊनही सात दिवसांनंतर आत असलेले किती? तो उच्च न्यायालयाने मागवावा आणि वर्तमानपत्रांनी छापावा.

दुसरी गोष्ट तुरुंगाच्या आतल्या, लहान वाटणाऱ्या हक्कांची. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले आणि सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये सरकारचे अपील फेटाळले: कायद्याने काढून न घेतलेला हक्क तुरुंगाधिकारी काढून घेऊ शकत नाही. एवढे स्पष्ट असताना, नोव्हेंबर 2020 मध्ये तळोजा कारागृहातल्या 83 वर्षांच्या फादर स्टॅन स्वामींना कंपवातामुळे पेला धरवत नव्हता, तरी पाणी पिण्याच्या नळीसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला. 6 नोव्हेंबरच्या अर्जावर तपास यंत्रणेचे उत्तर आले 26 नोव्हेंबरला. 5 जुलै 2021 रोजी त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू असताना, ते रुग्णालयात वारल्याचे उच्च न्यायालयाला सांगण्यात आले.