संकट सांगा, शेवट राखून ठेवा : थरारपटाच्या पहिल्या दोन मिनिटांविषयी (थ्रेड)

१/ महाविद्यालयात शिकणाऱ्या काही तरुण मित्रांनी आपल्या लघुथरारपटाचे पहिले संकलन मला पाहावयास धाडले. एक मुलगी रात्री जुन्या वाड्यात परतते; आत कुणीतरी दडलेले आहे. अवघ्या दोन मिनिटांत पन्नासाहून अधिक शॉट, मधूनमधून काळा पडदा आणि कानठळ्या बसवणारे संगीत. मी तीनदा दचकलो. भ्यालो मात्र एकदाही नाही. असे का व्हावे? उत्तरासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊ.

२/ माझे मत आरंभीच नोंदवतो. उत्कंठा लपवाछपवीतून जन्मत नाही. प्रेक्षकाला संकट आधी कळावे आणि परिणाम मात्र उशिरा कळावा, या दोहोंमधल्या अंतरात ती वसते. हे अंतर राखणे म्हणजेच थरारपटाचे संकलन.

३/ साल १९०३. एडविन पोर्टरचा ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’. आगीत सापडलेल्या आई-मुलाची सुटका त्याने आधी खोलीच्या आतून संपूर्ण दाखवली आणि मग तीच सुटका रस्त्यावरून पुन्हा पहिल्यापासून! दुसऱ्या वेळी आई वाचणार हे आपल्याला ठाऊक असते. काळजी उरतेच कुठे?

४/ येथे इतिहासप्रेमींसाठी एक गंमत. या चित्रपटाची आत-बाहेर आलटून पालटून जोडलेली एक प्रत पुढे प्रचलित झाली आणि त्या कौशल्याचे श्रेय दीर्घकाळ पोर्टरला मिळत राहिले. स्वामित्वहक्कासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा झालेल्या कागदी प्रतीने खरा क्रम उजेडात आणला. नंतरच्या कुणाच्या तरी कात्रीने इतिहासकारांनाही चकवले होते.

५/ साल १९०९. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द लोनली व्हिला’. घरावर दरोडेखोर चालून आलेत, पत्नी दूरध्वनीवर पतीला हाक देते आहे, पती घराकडे धावतो आहे. दरवाजा, पत्नी, पती, पुन्हा दरवाजा. हा प्रकार ग्रिफिथनेच प्रथम केला असे नव्हे; फ्रान्सच्या पाथे कंपनीने आदल्याच वर्षी अशीच कथा पडद्यावर आणली होती. पण येथे ध्यानात घ्यायची गोष्ट निराळी आहे : दरोडेखोर कोण, हे कोडे येथे नाहीच. सारे उघड आहे. पती वेळेत पोहोचेल का, एवढेच झाकलेले आहे.

६/ क्रांतीनंतरचे मॉस्को. कच्च्या फिल्मचा दुष्काळ. लेव्ह कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी जुन्या चित्रपटांचे तुकडे नव्या क्रमाने जोडून शिकत होते. एका नटाचा तोच चेहरा अन्नापुढे जोडला की भुकेला भासे, शवपेटीपुढे जोडला की शोकाकुल. साधनांची उणीव हीच त्यांची पाठशाळा ठरली. क्रम बदलला की अर्थ बदलतो. त्यासाठी नवा शॉट लागतोच असे नाही.

७/ हिचकॉकने त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीतला दृष्टान्त सर्वश्रुत आहे. मेजाखाली बॉम्ब आहे आणि तो अचानक फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवा आणि माणसांना निवांत गप्पा मारू द्या. पंधरा मिनिटांची उत्कंठा. गप्पा त्याच, माणसे तीच.

८/ ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ इव्हिल’ची (१९५८) सुरुवात पाहा. एक हात बॉम्बची वेळ लावतो, मोटारीच्या डिकीत ठेवतो. मोटार निघते आणि तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट नाही. गर्दी, शेळ्या, सीमेवरची चौकी. शेजारून चालणारे नवपरिणीत जोडपे. कात्री न चालवणे हाही संकलनाचाच निर्णय असतो.

९/ स्टुडिओने मात्र या प्रसंगावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत चढवले. वेल्सने स्टुडिओला ५८ पानांचे टिपण लिहून चित्रपटाविषयी आपल्या सूचना मांडल्या. १९९८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, वॉल्टर मर्चने त्या टिपणाबरहुकूम पुनर्संकलन केले. नावे हटली, रस्त्यावरचे, क्लबांतले आणि मोटारीच्या रेडिओतले आवाज पुढे आले. आता मोटार नजरेआड झाली तरी तिचा रेडिओ कानी पडतो आणि पोटात गोळा येतो.

१०/ हे सारे सांगितल्यावर आमच्या तरुण दिग्दर्शिकेने रास्त आक्षेप घेतला : “दादा, तो माणूस आधीच दाखवला तर रहस्य काय राहिलं? आणि पहिल्या तीन सेकंदांत काही घडलं नाही तर लोक पुढे सरकवतात.” भीती खोटी नाही. रहस्यकथेला लपवणे लागतेच, आणि धक्क्यालाही त्याचे स्थान आहे. पण तिची कथा ‘आत कोण आहे’ याची नव्हतीच. ‘ही वाचेल का’ याची होती. प्रेक्षक पळून जाईल या धास्तीने घातलेले कट प्रेक्षकाला थांबण्याचे कारणच देत नाहीत.

११/ मग आम्ही एकच गोष्ट केली. दाराआड उभ्या माणसाचा दुसऱ्या मिनिटातला शॉट अगदी आरंभी आणला. त्यानंतर मुलगी येते, चपला काढते, गुणगुणत माठातले पाणी पिते. संगीत काढून टाकले. उरला फक्त पेल्याचा आवाज. पन्नासांचे अकरा शॉट झाले, नवा एकही घेतला नाही. पाणी पिण्याचा जो शॉट आधी ‘कंटाळवाणा’ म्हणून कापला होता, तोच आता पाहवत नव्हता.

१२/ पार्श्वसंगीतावाचून कसे चालेल, असे वाटत असेल त्यांनी प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) पाहावा. शांतारामबापूंनी त्यात पार्श्वसंगीत न वापरता भोवतालच्या आवाजांवर भिस्त ठेवली होती. पुण्यातल्या त्याच प्रभातच्या आवारात १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण दिले जाते. हा वारसा आपल्या अंगणातला आहे.

१३/ म्हणून नवोदितांना एकच विनंती. कात्री हाती घेण्यापूर्वी कागदावर दोन ओळी लिहा : प्रेक्षकाला काय ठाऊक आहे? पात्राला काय ठाऊक नाही? या दोन ओळींत अंतर नसेल, तर शंभर कट करूनही ते निर्माण होणार नाही.

आपल्याला श्वास रोखायला लावणारी चित्रपटाची सुरुवात कोणती? खाली अवश्य लिहा. इति लेखनसीमा.