नदीतलं विष डबीतल्या पावडरीनं जात नसतंय!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात शाळकरी पोरं असतील तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात गावातल्या एका मंगल कार्यालयात ‘मोफत आरोग्य शिबिर’ होतं. बातमीसाठी गेलो. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली एक सळी. ती मुठीत धरायची, दीड-दोन मिनिटांत तीस पानांचा रिपोर्ट हातात. रक्त नाही, लघवी नाही. तरी अंगात शिसं किती, पारा किती, मेंदूची ताकद किती, सगळं छापून तयार!

माझं शिसं ‘जास्त’ निघालं. बाहेर जाऊन चहा प्यालो, दुसरं नाव सांगून परत रांगेत बसलो. आता शिसं ‘नॉर्मल’! चहानं शिसं उतरत असेल तर आमच्या स्टँडवरच्या चहावाल्याचा जाहीर सत्कारच करायला पाहिजे.

हसून सोडून दिलं असतं. पण माझ्यापुढे उसाच्या भांगलणीला जाणारी एक ताई होती. पोरगं दहावीला. तिला सांगितलं, “नदीच्या पाण्यातले जड धातू पोराच्या मेंदूत साठलेत. हे मिनरल्स घ्या, विष बाहेर पडतंय, बुद्धी वाढते.” तीन महिन्यांचा कोर्स, अडीच हजार रुपये. तिनं तिथंच शेजारणीकडून हातउसने घेतले. तपासणी मोफत असते ती अशी.

भीती खोटी नाही, हे आधी कबूल करतो. आपण पंचगंगेच्या शेवटच्या टोकाला राहतो. वरच्या शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी शेवटी आपल्याच दारात येतंय. तेरवाड बंधाऱ्यावरचा फेस आणि मेलेले मासे आपण डोळ्यांनी बघितलेत. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली, माणसं गेली. ते जंतूंचं काम होतं, धातूंचं नव्हे. पण नदीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. ह्याच भीतीवर हे लोक दुकान मांडतात.

आता खरं काय ते बघा. शिसं पोरांच्या मेंदूला घातकच आहे, आणि त्याची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसापेक्षा लहान पोराचं अंग चार-पाच पट जास्त शिसं शोषून घेतं. पण ते अंगात आहे का हे रक्ताच्या तपासणीतच कळतं, सळीला नाही. आणि प्रमाण फार वाढलं तर ते उतरवणारी औषधं डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायची असतात, डबीतून चमच्यानं नव्हे.

मग मिनरल्सचा काहीच उपयोग नाही? आहे की! अंगात लोह, कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं. आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. पण ह्याला अडीच हजार कशाला? आयोडीन मिठात आहे. लोहाची गोळी शाळेत आठवड्याला फुकट मिळते, गरोदर बाईला आशाताई घरी आणून देते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आणि आपण फुकटची गोळी ‘मळमळतंय’ म्हणून टाकतो, विकतची पावडर डोळे झाकून घेतो!

गरज नसताना घेतलेलं जादा मॅंगनीज तर मेंदूलाच इजा करतं. आणखी एक. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा जवळपास पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणजे विष काढायला आणलेल्या डबीतूनच विष घरात! माझं भांडण आयुर्वेदाशी नाही. न तपासलेल्या डबीशी आहे.

कुणी म्हणेल, “आमच्या मामांना गुण आला.” आला असेल. मामांनी त्याच महिन्यात तंबाखूही सोडली असेल, कुणी विचारलं? आणि डबी उलटी करून बघा. अशा पूरक आहाराच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापावंच लागतं. तोंडानं रोग बरा करायची भाषा, डबीवर मात्र हात वर!

माझं म्हणणं सरळ आहे. अन्न व औषध प्रशासनानं अशा शिबिरांची तपासणी करावी. मंगल कार्यालयवाल्यांनी हॉल देण्याआधी डॉक्टर कोण, नोंदणी क्रमांक काय, एवढं तरी विचारावं. आणि नगरपरिषदेनं आपल्या पिण्याच्या पाण्याची शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियमसाठी तपासणी करून रिपोर्ट चौकात लावावा. लोकांना खरा आकडा मिळाला की खोटा आकडा कोण विकत घेणार?

विष जिथनं येतंय तिथं अडवायचं असतं. ते पाण्यात सोडणारे मोकळे, आणि ते काढायचा खर्च भांगलण करणाऱ्या बाईनं करायचा, हा कुठला न्याय?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी इथंच आहे. पण पुढचं शिबिर लागलं की तेवढी सळी दोनदा धरून बघा.