अहवालात रिक्त पदेही मोजा

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल अधिसभेपुढे येतो, तेव्हा सामंजस्य करार, परिषदा आणि शोधनिबंध यांचे आकडे त्यात भरभरून असतात. १९४९ साली सुरू झालेल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या संस्थेकडून समाजाला याहून अधिक हवे आहे. संशोधन माणसे करतात. निवृत्त प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे भरल्याच नाहीत, तर पीएचडीच्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक मिळणार कुठून? तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाने प्रयोगशाळा उभारायची कधी? मंजूर पदे किती, भरलेली किती, हा तक्ता अहवालाच्या पहिल्याच पानावर हवा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ने पाच वर्षांचा बृहत आराखडा बंधनकारक केला. त्यातले यंदा काय झाले, काय राहिले आणि का, हेही तिथेच कळावे. अधिसभेच्या वर्षातून किमान दोन बैठका कायद्यानेच सांगितल्या आहेत. तिथे अहवाल घाईघाईत संमत करून घेणे म्हणजे त्या सभागृहाची अवहेलना होय. अर्थात, पदभरतीला मान्यता शासनाकडून यावी लागते. म्हणून मंत्रालयात अडकलेले प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवले, तेही कुलगुरूंनी अहवालात छापावे.